बेटावरचा झिरा

वैनगंगेतल्या त्या बेटावर उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना रंभा दोन गोष्टींसाठी लक्षात राहायची. एक तिची डांगरं, म्हणजे खरबुजं. वाळूत पिकलेली, नखानं टोचलं तरी तडकतील अशी. दुसरी तिची एक खोड. पाहुण्यांची पोरं पाण्याकडे निघाली की ही हातातलं काम टाकून त्यांच्या आधी पाण्यात शिरायची आणि काठाकाठानं पाय घासत चालायची. पायाखालच्या प्रत्येक वीतभर तुकड्याला, ओळखीचा आहेस का, असं विचारत चालल्यासारखी. पोरं हसायची. नागपूरहून आलेला एखादा कॉलेजातला भाचा तिची नक्कल करायचा. ती ओठ मिटून चालत राहायची आणि पूर्ण काठ फिरून झाला की म्हणायची, "जा आता."

उमरीघाटच्या ढिवरवाड्यात, मासेमारांच्या वस्तीत, जन्मलेली, तिथेच इस्तारीला दिलेली ही बाई. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक चिंचेचं झाड. लहानपणी बापाबरोबर जाळी विणली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर. तलावावर मासे, भातरोवणीला मजुरी, आणि होळी झाली की बेटावर डांगरवाडी. तिचं सगळं आयुष्य नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंतचं. नदी म्हणजे तिला अंगणच वाटायचं, आणि अंगणात माणूस जसा न बघता चालतो, तशी ती नदीत चालायची. त्रेपन्न सालच्या वैशाखापर्यंत.

बेट तसं लहान. गावाच्या बाजूनं नदीची मोठी धार, ती डोंग्यानंच ओलांडायची. बेटाच्या पलीकडून लहान धार. उन्हाळ्यात ती इतकी आटायची की वासरूही चालत पार होईल. मधोमध करंज नि जांभळीची दाट सावली. चांद्याकडचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्यालाच त्या सावलीची किंमत कळेल. दुपारी मूल गावच्या रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही, घरातल्या भांड्यांना हात लावला तर चटका बसायचा. आणि बेटावर मात्र नदीवरून येणारा वारा ओला असायचा. म्हणून मूलची बरी बरी मंडळी वैशाखात सुट्टीतल्या पाहुण्यांना घेऊन बैलांच्या दमण्यांतून पहाटेच निघायची. ऊन चढायच्या आत बेटावर. मग दिवसभर लहान धारेत डुंबणं, जांभळीवर चढणं, वाळूत किल्ले करणं, दुपारी करंजाखाली सतरंज्या, मुखरूच्या हातचे भाजलेले मासे, कैरीचं पन्हं, आणि उन्हं कलल्यावर डोंग्यातून एक मोठी फेरी. जाताना प्रत्येक दमणीत रंभाची नाहीतर तिची जाऊ कमळा हिची डांगरं.

मुखरू इस्तारीचा चुलत भाऊ, वयानं बराच थोरला. पाहुण्यांचा डोंगा त्याच्याच हाती. घाटाची रीत अशी, की जो पाहुण्यांना बेटावर नेतो त्यानंच रोज सकाळी लहान धारेत लांब काठी टाकत फिरून यायचं. नदी उन्हाळ्यात झोपलेली दिसली तरी कूस बदलते. काल जिथं वाळू होती तिथं आज खळगा. मुखरूनं ही फेरी कधी चुकवली नव्हती. पाहुण्यांना तो थाटात सांगायचा, "ही नदी माह्या हातात हाय. काठीनं सांगतो मी, कुठी हसते नि कुठी रुसते." पोरं त्याला डोंगेवाले आजोबा म्हणायची आणि तो खोटं खोटं रागवायचा.

डांगरवाडीचीही एक रीत होती. वेलांना पाणी द्यायचं तर प्रत्येक बाईनं आपल्या वाफ्याजवळ वाळूत एक खड्डा खणायचा. कमरेएवढं खणलं की खालून पाणी झिरपून वर येतं, त्याला झिरा म्हणायचं. मडक्यानं पाणी घालून झालं की झिऱ्यावर बोरीच्या काट्या आडव्या टाकायच्या आणि शेजारी चिंधी बांधलेली काठी रोवायची. गुरं पडू नयेत, माणूस पडू नये. हे न सांगता पाळायचं. एकीचा झिरा दुसरी ओळखायची, पण त्यातून पाणी घ्यायची नाही.

त्या वर्षी रंभाचा जुना झिरा आटला, तेव्हा तिनं लहान धारेच्या अगदी काठाला, कोरड्या वाळूत नवा खणला. पाणी जवळ, म्हणून खणायलाही सोपा गेला. काट्या टाकल्या, चिंधी बांधली. मग एके दिवशी कोल्ह्यांनी कुंपण फाडून तिची पिकायला आलेली डांगरं फोडली, आणि चिडून तिनं हातासरशी त्याच काट्या उचलून कुंपणाला लावल्या. रोवलेली काठीही तिकडेच गेली. उद्या दुसऱ्या तोडून आणू म्हणाली. दुसऱ्या दिवशी वर कुठंतरी, डोंगरांकडे, अवकाळी पाऊस झाला असावा. इकडे थेंब नाही, पण सकाळी नदी चार बोटं फुगलेली होती. काठाची वाळू ओली होऊन पाण्याखाली गेली होती. वरून बघावं तर घोट्याएवढं गढूळसर पाणी, सगळीकडे एकसारखं. आणि त्याच्याखाली, कुणाला न दिसणारा, रंभाचा झिरा.

तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पुढे सगळा जन्म तिला हेच टोचत राहिलं. विसरली असती तर निदान स्वतःला सांगता आलं असतं, की विसरले. पण सकाळी डोईवर मडकं घेऊन बेटावर उतरताना तिनं फुगलेलं पाणी पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, झिरा बुडाला वाटते, काठी रोवून यावी. तेवढ्यात पाहुण्यांच्या दमण्या पलीकडे थांबल्या. डांगरं मांडायची होती. मग ती मनाशी म्हणाली, एवढी मांडतो नि जातो. मग कुणी भाव विचारला. मग कुणी कापून मागितलं.

त्या दिवशी मूलच्या तांदूळगिरणीतले कारभारी गुणवंतराव सहकुटुंब आले होते. त्यांची बायको प्रेमिला, नागपूरला कॉलेज शिकलेली, अंगानं बारीक, सतत कुणीतरी हाक मारणार आहे अशा डोळ्यांची. एकुलती एक पोर, बेबी, तिच्या पदराला. बाकीची सगळी पोरं पाण्यात गेली तरी प्रेमिला बेबीला सोडेना. मोठ्या नणंदेनं टोमणा मारला, "पोरीला काचेच्या कपाटात ठेव, प्रेमिला." सगळे हसले. तेव्हा प्रेमिलानं मुखरूला बोलावून पाण्याची चौकशी केली. एकदा झाली, पुन्हा केली.

"घोट्याएवढं हाय, बाई," मुखरू म्हणाला. "सकारीच काठी टाकून पाह्यलो. इथी लेकराचे नखंबी बुडत नाई."

काठी त्यानं टाकली होती हे खरंच. पण धारेच्या मधून, नेहमी जिथून चालायचा तिथून. काठाची वाळू काल कोरडी होती, तिथं काठी टाकायचं त्याच्या मनातही आलं नाही. प्रेमिलानं सगळ्यांत उथळ जागा शोधली, अगदी काठाची, आणि बेबीला तिथं उभं केलं. हातात एक वाटी दिली वाळूशी खेळायला. स्वतः दोन पावलांवर बसली.

रंभा एका पाहुण्याला डांगर कापून देत होती. मान वर केली तेव्हा काठावर बेबीची लाल रिबीन दिसत होती. पुन्हा वर केली तेव्हा नव्हती. पाण्यावर फक्त वाटी तरंगत होती. प्रेमिला उठून उभी राहिली होती, पण तिला कळत नव्हतं की घोट्याएवढ्या पाण्यात पोर जाईल कुठं. ती इकडे तिकडे, झाडांकडे बघत होती.

रंभा धावली. पाण्यात शिरून सरळ त्या एका जागी गेली, चाचपडली नाही, शोधलं नाही, आणि खांद्यापर्यंत हात घालून पोरीला केसांनी ओढून वर काढलं. बेबी निळी पडली होती. रंभानं तिला उलटी धरून पाठीवर थापटलं. पाणी बाहेर आलं, मग वाळू, मग रडणं.

त्यानंतर बेटावर जो गोंधळ झाला त्यात रंभाचं कुणी काही ऐकलं नाही, आणि तिनंही काही सांगितलं नाही. बायका तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. गुणवंतराव मोठे माणूस, पण तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. प्रेमिला बेबीला छातीशी धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हिला कसं कळलं नेमकं कुठे आहे ते?" कुणीतरी म्हणालं, देवानंच दाखवलं. रंभानं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आणि मग सगळे मुखरूकडे वळले.

मुखरू त्या जागी जाऊन उभा होता. तो पाण्यात काठी टाकत होता, काठी आत जात होती, तो ती काढून पुन्हा टाकत होता. आपलीच काठी आपल्याला खोटं पाडते आहे, हे बघत. गुणवंतरावांनी त्याला शिवी दिली नाही, ते शिवी देणारे नव्हते. पण जाताना ते घाटावरच्या दुसऱ्या डोंगेवाल्याच्या, पत्रूच्या डोंग्यात बसले. मूलला ही बातमी त्यांच्या आधी पोचली असावी. त्या आठवड्यात जे कुणी आले ते घाटावर विचारायचे, "तो म्हातारा नाही ना?" शेवटी वाड्यातल्या पंचांनी बसून ठरवलं, की पाहुण्यांचा डोंगा आता पत्रूकडे. मुखरू उठून आला आणि आपला डोंगा त्यानं बेटावर नेऊन काठाला पालथा घातला.

रंभानं त्याच दिवशी सांज व्हायच्या आत, सगळे गेल्यावर, टोपलीनं वाळू ओढून झिरा बुजवला होता. पाण्याखालचं पाण्याखालीच राहिलं. इस्तारीला मात्र तिनं सांगितलं. तो जाळं ठीक करत होता. हातातली गाठ मारून म्हणाला की लेकरू वाचलं ना, वाचवलं तूच ना, मग आता कशाला चिखल उपसायचा. तो वाईट माणूस नव्हता. त्याला भीती वाटली, की पंच उद्या डांगरवाडीच काढून घेतील. रंभालाही ती भीती होती. पण तिला दुसरंही काही होतं, आणि ते तिला नवऱ्याला सांगता येईना.

गुणवंतरावांकडून लुगडं आलं. हिरवं, रुंद काठाचं. शेजारच्या नीलाबाईनं उलगडून बघितलं, अंगाला लावून बघितलं, म्हणाली, "घाल ना वं, कवा घालशील? मेल्यावर?" रंभानं ते घडी करून उतरंडीच्या मागे ठेवलं. तिथं तिला ते दिसायचं नाही, पण आहे हे माहीत असायचं.

डोंगा गेला याचं मुखरूला नुसतं दुःख झालं असतं तर रंभाला ते सोसवलं असतं. पण मुखरूचं काहीतरी वेगळंच झालं. तो रोज सकाळी, आता कुणी सांगितलं नसताना, लहान धारेत काठी टाकत फिरायचा. मधून, काठानं, उलटा, सुलटा. पाणी पुन्हा उतरलं होतं, सगळीकडे वाळू सपाट होती. तो थांबून हाताकडे बघायचा. एकदा रंभा वेलांना पाणी घालत होती तेव्हा जवळ येऊन बसला.

"रंभे," तो म्हणाला, "मले सांग. नदी बदलली का मी म्हातारा झालो?"

तिच्या हातातलं मडकं कलंडलं. ती म्हणाली, "तुमी काऊन म्हातारे होता, भाऊजी." एवढंच. त्यापुढचं वाक्य जिभेवर आलेलं होतं. तो थोडा वेळ वाट बघत बसला, जणू त्यालाही वाटलं होतं की आणखी काही येईल, आणि मग उठून गेला. तेव्हापासून तो लोकांना स्वतःच सांगायला लागला, की माझे हात गेले. कुणी मासे पकडायला बोलावलं तरी जाईना.

मृगाच्या आधी डांगरवाडी मोडायचा दिवस आला. वेल उपटायचे, कुंपणं काढायची, आणि शेवटी प्रत्येकीनं आपला झिरा आपल्या हातानं बुजवायचा, ही त्या वाड्याची रीत. सगळ्या बायका एकत्र जायच्या. झिरा बुजला की त्यावर पळसाच्या पानात शेवटचं डांगर, कुंकू आणि दोन तांदूळ ठेवायचे आणि नदीला सांगायचं, माये, तुझं दार मी उघडलं होतं, मीच लावलं. नाही लावलं तर नदी पुराच्या वेळी त्याच दारातून गावात शिरते, असं म्हातारे सांगायचे. पुरुष बेटाच्या काठावर बसून बघायचे. मुखरूही पालथ्या डोंग्याला टेकून बसला होता.

एकेकीचा झिरा बुजत गेला. कमळाचा झाला, नीलाबाईचा झाला. रंभा आपलं पान हातात घेऊन उभी होती.

"तुहा कुठी हाय वं?" कमळानं विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं. रांगेत पुढचा नंबर रंभाचा होता एवढंच.

रंभाला खोटं बोलता आलं असतं. आटला म्हणायचं, ढासळला म्हणायचं, जुन्या झिऱ्यावर पान ठेवून मोकळं व्हायचं. जुना झिरा तिथंच वाफ्याजवळ होता. ती त्याच्याकडे दोन पावलं गेलीसुद्धा. पण नदीला सांगायचं वाक्य तिच्या डोक्यात घुमायला लागलं, आणि ते जुन्या झिऱ्यावर उभं राहून म्हणणं तिला जमेना. खऱ्या झिऱ्यावर तिनं रीत केलीच नव्हती. चोरासारखी वाळू ओढली होती. दार तिनं लावलंच नव्हतं.

ती वळली. वाफे ओलांडून लहान धारेच्या काठाला गेली, जिथं त्या दिवशी वाटी तरंगली होती, आणि त्या सपाट वाळूवर खाली बसली. पान ठेवलं. कुंकू वाहिलं. दोन तांदूळ ठेवले.

बायकांना कळायला वेळ लागला नाही. डांगरवाडीतल्या बायकांना झिऱ्याची भाषा कुणी समजावून सांगावी लागत नाही. नीलाबाईच्या तोंडातून फक्त "वो माय" एवढं निघालं. इस्तारी उठून पाठमोरा झाला. मग काठावरून मुखरू उतरून आला, हातात काठी. लोक बाजूला झाले. त्यानं पानाच्या शेजारी काठी टेकवली, दाबली. बुजवलेली वाळू आजूबाजूच्या वाळूपेक्षा पोचट होती, काठी आत गेली.

"वरच्या काट्या कुठी गेल्या?" त्यानं विचारलं.

"कुंपनाले लावल्या. कोल्हे आल्ते."

"नि पानी चढलं तवा?"

"पाह्यलो होतो मी," रंभा म्हणाली. "काठी रोवतो रोवतो म्हनलं. डांगरं मांडत राह्यलो."

तो तिच्याकडे बघत राहिला. सगळ्यांना वाटलं, आता तो तिला काहीतरी बोलेल, आणि बोलला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं आपले दोन्ही हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि तसाच डोंग्याकडे परत गेला. एकट्यानंच जोर लावून त्यानं तो सुलटा केला.

पंचांनी रंभाची डांगरवाडी काढून घेतली नाही. मुखरूनंच नको म्हटलं, असं नंतर कळलं. काठाला काठी मीही टाकली नव्हती, म्हणाला. पण पंचांनी डोंगा दिला तरी पाहुणे बसणार कसे? मूलच्या लोकांचा शब्द गुणवंतरावांच्या घरातून सुटलेला होता. तो तिथूनच परत यायला हवा होता.

म्हणून रंभा लुगडं फडक्यात बांधून मूलला गेली. प्रेमिला ओसरीवर तांदूळ निवडत होती, बेबी तिच्या मागे पाटीवर रेघा ओढत. रंभाला बघून प्रेमिलाचा चेहरा उजळला, आणि तो उजेड बघवेना म्हणून रंभानं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. लुगडं ओसरीच्या कडेला ठेवलं.

प्रेमिला ऐकत गेली तशी तिची बोटं तांदळात रुतत गेली. ती आता ओरडेल, किंवा आतून कुणाला तरी बोलावेल, असं रंभाला वाटलं.

"म्हणजे तिथे खड्डा होता," प्रेमिला म्हणाली. "मी रोज विचार करते, घोट्याएवढ्या पाण्यात पोर बुडाली कशी. मला वाटायचं, मीच बघत नव्हते." मग आवाज बदलून म्हणाली, "आणि तरी बघत नव्हतेच. मागे वळून नणंदेशी बोलत होते. मुखरूचं नाव मीच पुढे केलं."

ती रडली नाही. लुगडं तिनं परत घेतलं नाही, पण ते घे असंही म्हणाली नाही. दोघींच्या मध्ये ते तसंच पडून राहिलं. निघताना रंभानं बेबीकडे पाहिलं. पोर तिला ओळखून हसली. रंभानं हात पुढे केला नाही.

पुढच्या वैशाखात गुणवंतरावांची दमणी घाटावर थांबली आणि सगळा वाडा हातातलं काम टाकून बघायला लागला. प्रेमिला खाली उतरली, बेबीचा हात घट्ट धरून, आणि पत्रूच्या डोंग्याकडे न बघता मुखरूच्या डोंग्यात जाऊन बसली. मुखरूनं काठी दोनदा टेकवून बघितली आणि मगच डोंगा ढकलला, असं कमळा सांगते. बेटावर प्रेमिलानं डांगरं घेतली ती कमळाकडून. रंभाच्या मांडणीपुढून ती गेली, पण थांबली नाही. रंभाला ते बरोबरच वाटलं. त्या वर्षी तिनं झिरा खणलाच नव्हता. मोठ्या धारेवरून डोईवर पाणी आणत होती. पुढेही कधी खणला नाही.

मग बेबी पाण्याकडे ओढ घ्यायला लागली. प्रेमिला तिला धरून काठाशी उभी राहिली आणि तिचं पाऊल काही उचलेना. मुखरूनं दोन्ही काठांना काठी टाकली होती, तसं त्यानं सांगितलंही, पण तिचं पाऊल उचलेना. रंभा डांगरं टाकून उठली. त्यांच्या बाजूनं, अंतर ठेवून, पाण्यात शिरली आणि काठाकाठानं पाय घासत चालायला लागली. जिथं ती जागा होती तिथं जास्तच वेळ थांबली. टाचेनं दाबून बघितलं. सगळा काठ फिरून आली.

मुखरू काठावरून म्हणाला, "काय वं, माह्या काठीवर भरोसा नाई का?"

"तुमच्या काठीवर हाय," रंभा म्हणाली. "माह्यावर नाई."

मग ती बाजूला झाली आणि प्रेमिलाकडे न बघता म्हणाली, "जा आता." प्रेमिलानं पोरीचा हात सोडला नाही. पण पाऊल उचललं.